आदेश नेमका काय होता?

या प्रवासाला एकच अट आहे. तुम्हाला सगळं दिसेल, सगळं ऐकू येईल, पण तोंड उघडता येणार नाही. तुम्ही जिथे जिथे जाणार आहात तिथे बोलणं हे दुसऱ्या कुणाचं तरी काम होतं. त्यांनी ते कुठे केलं, कुठे अर्धवट सोडलं आणि त्याची किंमत कुणी मोजली, हे पाहायला तुम्ही निघाला आहात.

अथेन्स, १७ नोव्हेंबर १९७३, पहाटेचे तीन

तुम्ही पातिसिऑन रस्त्यावर उभे आहात. समोर पॉलिटेक्निकचं लोखंडी फाटक आहे आणि आतून गजांना धरून विद्यार्थी उभे आहेत. ग्रीसमध्ये १९६७ पासून लष्कराची हुकूमशाही आहे. मुलं तीन दिवसांपासून आत ठाण मांडून बसलीत. हवेत अश्रुधुराचा वास आहे आणि तुमचे डोळे चुरचुरतायत.

कान द्या, शेजारच्या घरातला रेडिओ चालू आहे. आतल्या मुलांनी स्वतःच ट्रान्समीटर जुळवलाय आणि त्यावरून ‘हे पॉलिटेक्निक आहे’ अशी हाक रात्रभर सुरू आहे. बोलणाऱ्यांत मारिया दमानाकी नावाची एकवीस वर्षांची विद्यार्थिनी आहे. केमिकल इंजिनीअरिंग शिकणारी ही मुलगी पुढे खासदार होईल, पक्षाची अध्यक्ष होईल, युरोपीय आयोगावर जाईल. आज मात्र तिच्याकडे ना पद आहे ना अधिकार, आहे तो फक्त मायक्रोफोन. तरी कोण बोलतंय, कुठून बोलतंय आणि लोकांकडून काय हवंय, हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं. संकटातल्या बोलण्याची याहून साधी कसोटी नाही. ती लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

रणगाडा येतो आणि फाटक पाडून आत घुसतो. रेडिओ थोड्याच वेळात बंद पडतो. या दिवसांत आसपासच्या रस्त्यांवर माणसं मारली जातात.

याच संस्थेत इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगची एक एकोणीस वर्षांची विद्यार्थिनी आहे, लिंडा कटेही. त्या रात्रीबद्दल ‘मी तिथे होते’ असं ती सांगेल, पण अडतीस वर्षांनी, दुसऱ्या खंडात, आणि तेही माफी मागताना. पुढचा मुक्काम तिथेच आहे. वाटेतलं एवढं पाहून घ्या: १९८२ मध्ये ग्रीसने कायदाच केला की विद्यापीठाच्या आवारात पोलिसांनी असं शिरायचं नाही. ऑगस्ट २०११ मध्ये तो रद्द झाला. त्याच वर्षी ग्रीक सरकारला उच्च शिक्षणाबाबत सल्ला देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीत कटेही एक सदस्य होत्या.

डेव्हिस, कॅलिफोर्निया, नोव्हेंबर २०११, फोनवर

कॅलिफोर्निया विद्यापीठाचं डेव्हिस संकुल शेतकीसाठी आणि सायकलींसाठी ओळखलं जातं. २००९ पासून लिंडा कटेही इथल्या चॅन्सेलर आहेत. आपल्याकडच्या राज्य विद्यापीठांत कुलपती म्हणजे सहसा राज्यपाल. इथे मात्र चॅन्सेलर म्हणजे रोजचा कारभार पाहणारी व्यक्ती, म्हणजे आपल्या कुलगुरूच. या पदावर आलेली ही पहिली महिला. अभियांत्रिकीत पुरुषांच्या गर्दीतून वर आलेली, नावावर पेटंटं असलेली.

अमेरिकाभर आर्थिक विषमतेविरुद्धचं ‘ऑक्युपाय’ आंदोलन पेटलं आहे. विद्यापीठात फीवाढीचा राग आहे. नऊ नोव्हेंबरला याच विद्यापीठाच्या बर्कली संकुलात पोलिसांनी विद्यार्थ्यांवर लाठ्या चालवल्या आणि त्याचे व्हिडिओ सगळीकडे गेले. सतरा तारखेला, गुरुवारी, डेव्हिसच्या क्वाडवर, म्हणजे मधल्या मोठ्या हिरवळीवर, तंबू उभे राहिले. अथेन्सच्या त्या रात्रीला बरोबर अडतीस वर्षं झाली.

आता तुम्ही एका कॉन्फरन्स कॉलवर आहात. कुलगुरू, त्यांचे सहकारी उपकुलगुरू, विद्यापीठाच्या पोलीस प्रमुख ॲनेट स्पिकुझा, सगळे वेगवेगळ्या ठिकाणांहून जोडलेले. संभाषण सौम्य आहे, सगळ्यांचं मत घेऊन चाललेलं आहे. कुणी ओरडत नाही, कुणी कुणाला तोडत नाही. तुम्हाला वाटेल, किती छान. थोडं थांबा.

कुलगुरूंना तंबू शनिवार-रविवारच्या आत हटायला हवेत. कारण काय? बाहेरची माणसं. ओकलंडच्या ऑक्युपाय तंबूंतल्या बातम्या त्यांनी वाचल्या आहेत, आणि आपल्या कोवळ्या वयाच्या मुली बाहेरून आलेल्या मोठ्या माणसांसोबत रात्री तंबूत राहणार, याची त्यांना धास्ती वाटते. ही धास्ती त्यांनी पुढे चौकशीतही बोलून दाखवली. चौकशी समितीने तपासलं, तेव्हा तंबूंमध्ये बाहेरच्यांचा मोठा भरणा असल्याला फारसा आधार सापडला नाही.

हा तर्क तुमच्या ओळखीचा आहे. मुलींच्या वसतिगृहाचं फाटक रात्री लवकर लागतं आणि मुलांचं उघडं राहतं, तेव्हा ‘तुमच्याच काळजीपोटी’ असं सांगितलं जातं ना, तोच हा. इथे तो एका बाईच्या तोंडून येतोय, एवढाच फरक. बाई वरच्या खुर्चीत बसली म्हणून खुर्चीची भाषा आपोआप बदलत नाही. उलट आईपणाचा सूर लागला की त्या तर्काला प्रश्न विचारणं आणखी अवघड होतं. काळजीला नाही कोण म्हणणार?

वेळ ठरते आहे. पहाटे तीनला कारवाई करावी, तेव्हा गर्दी नसते, असा विचार पोलीस प्रमुखांच्या बाजूने पुढे येतो. ठरते ती दुपारी तीनची वेळ, भर वर्गांच्या वेळेतली. दिवसाढवळ्या हिरवळीवर तंबू असणं नेमक्या कोणत्या नियमाने बेकायदा आहे, याचंही स्वच्छ उत्तर कुणाकडे नाही. आणि बळ वापरायचं की नाही? बर्कलीसारखं व्हायला नको, हे कुलगुरूंच्या मनात पक्कं आहे. ते मनातलं शेवटच्या शिपायापर्यंत पोहोचेल अशा शब्दांत मात्र उतरत नाही. पोलीस नक्की काय करणार, मुलं उठली नाहीत तर काय, कारवाई थांबवायचा अधिकार कुणाकडे, हे प्रश्न फोनवर तरंगत राहतात. प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याला कळलंय.

तुमच्या जिभेवर एकच प्रश्न आहे: ‘मॅडम, आदेश नेमका काय आहे?’ पण तुम्हाला बोलता येत नाही. ज्यांना बोलता येत होतं त्यांनी विचारला नाही. फोन ठेवला जातो.

पोलीस ठाण्यातही डोकावा. स्पिकुझा आपल्या लेफ्टनंटांना कारवाई कशी व्हावी ते सांगतायत आणि वादाला तोंड फुटलंय. खालचे अधिकारी प्रमुखांचे निर्देश मानत नव्हते, इतकी ती यंत्रणा विस्कटली होती, अशी नोंद पुढे चौकशीत झाली. हे त्या बाई होत्या म्हणून घडलं, असं अहवाल म्हणत नाही, आणि तसं धरून चालणंही बरोबर नाही. पण एवढं दिसतं की आदेशाच्या साखळीत वरच्या दोन कड्या बायका आहेत, पहिलीचा शब्द अस्पष्ट आहे आणि दुसरीचा शब्द खाली मानला जात नाही. त्या साखळीच्या दुसऱ्या टोकाला हिरवळीवर मुलं बसली आहेत.

डेव्हिस, १८ नोव्हेंबर, दुपारचे चार

आता तुम्ही त्या मुलांमध्ये आहात. हिरवळीतून जाणाऱ्या पक्क्या वाटेवर एक रांग हात गुंफून खाली बसली आहे. आजूबाजूला मोठं कडं आहे, त्यात वर्ग सुटून आलेले आहेत, सायकल हातात धरून उभे राहिलेले आहेत, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या हातात फोन उचललेला आहे. काही जणांना अटक झाली आहे. तंबू तर बहुतेक निघालेसुद्धा आहेत. ज्याच्यासाठी पोलीस आले ते काम झाल्यात जमा आहे.

हेल्मेट घातलेला एक लेफ्टनंट बसलेल्यांची रांग ओलांडून समोर येतो. हातातला लाल डबा उंच धरून सगळ्यांना दाखवतो. मग रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चालत, खाली बसलेल्या चेहऱ्यांवर नारिंगी फवारा मारत जातो. मुलं माना खाली घालतात, हात सोडत नाहीत. तुमचा घसा आवळतो, डोळ्यांची आग होते, शेजारची कुणीतरी ओकते. तो डबा एमके-९ जातीचा आहे. इथल्या पोलिसांना तो वापरायची परवानगीच नव्हती, त्याचं प्रशिक्षणही नव्हतं, आणि त्याचा फवारा किमान सहा फुटांवरून मारायचा असतो.

कडं ‘शरम करा’ म्हणून ओरडू लागतं. आणि मग जे घडतं ते नीट ऐका. कुणीतरी एक वाक्य म्हणतं, अवतीभोवतीचे शंभर जण तेच वाक्य एका सुरात म्हणतात. ध्वनिक्षेपकाची परवानगी नाकारल्यावर ऑक्युपायवाल्यांनी काढलेली ही युक्ती. वाक्यं छोटी ठेवावी लागतात, नाहीतर लोकांना ती पुढे नेता येत नाहीत. या पद्धतीने विद्यार्थी पोलिसांना सांगतात की आम्ही तुम्हाला शांतपणे जायला वाट देतो, तुम्ही जा. आणि पोलीस पाऊल पाऊल मागे सरकत खरोखरच निघून जातात. कुलगुरूंच्या फोनवरून जे खाली पोहोचलं नाही, ते इथे भरल्या डोळ्यांच्या मुलांनी नुसत्या गळ्याने पोहोचवलं. कोण काय करणार आणि समोरच्याने काय करावं, यात कुणालाही शंका उरली नाही.

रात्री तुमच्या हातात कुलगुरूंचं पत्र येतं. पोलिसांची मदत घेण्याशिवाय पर्याय उरला नव्हता, दहा निदर्शकांना अटक झाली, पेपर स्प्रे वापरण्यात आला, याचं दुःख आहे, अशा आशयाचं. कुणी वापरला? कुणाच्या सांगण्यावरून? वाक्याला कर्ता नाही. आपल्याकडची सरकारी परिपत्रकं वाचून तुमची नजर तयार झालेली आहे, त्यामुळे कर्ता कुठे गायब होतो ते तुम्हाला लगेच दिसतं. तोवर व्हिडिओ जगभर पोहोचला आहे, आणि त्यात कर्ता अगदी स्वच्छ दिसतोय.

डेव्हिस, १९ नोव्हेंबर, संध्याकाळ

शनिवार. एका इमारतीत कुलगुरूंची पत्रकार परिषद झाली आहे आणि बाहेर शेकडो विद्यार्थी जमलेत. इंग्रजी विभागाच्या एका तरुण प्राध्यापकाने राजीनाम्याची मागणी करणारं खुलं पत्र लिहिलं आहे. कुलगुरू बराच वेळ आतच आहेत. विद्यार्थ्यांमध्ये काम करणाऱ्या एका धर्मोपदेशिका मध्यस्थी करतात. विद्यार्थी आपापसांत ठरवतात की ओरडायचं नाही, वाट मोकळी ठेवायची, खाली बसायचं आणि गप्प राहायचं.

तुम्ही त्यांच्यातच बसा. दार उघडतं. कटेही बाहेर येतात, शेजारी त्या धर्मोपदेशिका. गाडीपर्यंतच्या वाटेवर दोन्ही बाजूंना विद्यार्थी बसलेले आहेत आणि कुणीही बोलत नाही. त्या शांततेत फक्त त्यांच्या टाचांचा आवाज येतो, टक टक टक. एक वार्ताहर विचारते की विद्यार्थ्यांची भीती वाटते का. त्या ‘नाही’ म्हणतात आणि चालत राहतात. गाडीचं दार लागतं.

हा व्हिडिओही जगभर गेला. इथे जरा थांबून स्वतःकडे पाहा. त्या चालत होत्या तेव्हा तुम्ही काय पाहत होतात? चेहरा? चेहऱ्यावर पश्चात्ताप आहे की नाही? टाचांचा आवाज? ॲलिस ईगली आणि स्टीव्हन कराऊ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये मांडलं होतं की नेत्याकडून आपण ठामपणा मागतो आणि बाईकडून माया, म्हणून बाई नेता झाली की तिला दोन तराजूंत तोललं जातं. कणखर राहिली तर निर्दय, हळवी झाली तर दुबळी. कटेही त्या वाटेवरून गप्प चालल्या, तेव्हा त्या दोन्ही तराजूंत हलक्या ठरण्याच्या जागी होत्या. थांबून रडल्या असत्या तर नाटक म्हटलं गेलं असतं. न थांबता गेल्या, तर कोरडेपणा.

तुलनेला एक पुरुष जवळच आहे. त्याच महिन्यात, त्याच विद्यापीठाच्या बर्कली संकुलाचे चॅन्सेलर रॉबर्ट बर्गेनो परदेश दौऱ्यावर होते. तिथल्या लाठ्यांनंतर त्यांच्या कार्यालयाचं जे निवेदन आलं, त्यात म्हटलं होतं की हात गुंफून मानवी साखळी करणं हा अहिंसक सविनय कायदेभंग नव्हे. गांधींच्या देशातून आलेल्या तुम्हाला हे वाचून काय वाटेल ते वाटो, तिथल्या प्राध्यापकांनाही ते पटलं नाही, आणि पुढे बर्गेनोंनी माफी मागितली. पण त्यांच्या चालण्याचा व्हिडिओ नाही. त्यांच्यावरची टीका निवेदनातल्या शब्दांवर आणि पोलिसांच्या लाठ्यांवर झाली.

डेव्हिस, २१ नोव्हेंबर, दुपार

क्वाडवर हजारो माणसं आहेत. आधी ज्यांच्यावर फवारा मारला गेला ते विद्यार्थी बोलतात. कुलगुरूंना त्यांच्या पाळीसाठी थांबावं लागतं. ही गोष्ट छोटी नाही, इथे बोलण्याचा क्रम विद्यार्थ्यांनी ठरवला आहे.

कटेही व्यासपीठावर येतात. आवाज कापतो. मी माफी मागायला आले आहे, शुक्रवारी जे झालं त्याने मला भयंकर वाटतंय, असं त्या म्हणतात. माझ्या बोलण्यावर तुम्ही आज विश्वास ठेवला नाहीत तरी चालेल, तो मिळवणं माझं काम आहे, असंही म्हणतात. मग १७ नोव्हेंबर १९७३ च्या स्मृतिफलकाचा उल्लेख येतो: मी तिथे होते आणि ते मला विसरायचं नाही. दोनेक मिनिटांत भाषण संपतं. ‘राजीनामा द्या’ अशा घोषणा उठतात.

ज्या पहाटे तुम्ही अथेन्समध्ये होता, तिचीच आठवण त्या सांगतायत. आणि तरी तुमच्या मनात प्रश्न येतोच, की ही आठवण गुरुवारी फोनवर का आली नाही? लोकांसमोर सांगितलेली आठवण माणसाला मोठं करत असेलही. बंद दारामागे, ‘एकाही विद्यार्थ्याला हात लावायचा नाही, आणि तसं करणं शक्य नसेल तर कारवाई करायची नाही’ एवढं एक वाक्य लिहून दिलं असतं, तर माफीची वेळच आली नसती.

डेव्हिस, २०१२ ते २०१६

इथून काळ भरभर पुढे सरकवा. एप्रिल २०१२ मध्ये कॅलिफोर्निया सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती क्रूझ रेनोसो यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल येतो. फवाऱ्याची घटना टाळता आली असती आणि टाळायलाच हवी होती, हा त्याचा निष्कर्ष. दुपारी तीनच्या वेळेची आणि बळ टाळण्याची आपली भूमिका पोहोचवण्यात आलेल्या अपयशाची मुख्य जबाबदारी कटेहींवर. सगळ्यांच्या सहमतीने, अनौपचारिकपणे निर्णय घेण्याची त्यांच्या चमूची पद्धत अशा प्रसंगी कुचकामी ठरली, असंही अहवाल नोंदवतो. त्या फोनवर तुम्हाला आवडलेला सौम्यपणा आठवतोय ना? सहमतीने चालणं हा स्त्री-नेतृत्वाचा गुण म्हणून हल्ली कौतुकाने सांगितला जातो. तो गुण आहेच. पण ‘हो, ठरलं’ म्हणताना काय ठरलं हे कुणी मोठ्याने म्हणत नसेल, तर ती सहमती नसते, नुसता गैरसमज असतो.

याच अहवालाने पुरुष उपकुलगुरू, पोलीस प्रमुख, फवारा मारणारा लेफ्टनंट, सगळ्यांच्या वाट्याचा दोष वेगवेगळा लिहिला. स्पिकुझा पद सोडतात. लेफ्टनंटला काढलं जातं. विद्यापीठ २१ जणांशी दहा लाख डॉलरची तडजोड करतं. त्यात प्रत्येकाला ३०,००० डॉलर आणि कुलगुरूंच्या सहीचं माफीचं वैयक्तिक पत्र मिळतं. अखेर व्यक्तीगणिक, नाव घेऊन लिहिलेली माफी, आणि तीही खटल्यानंतर.

मग २०१६ चा एप्रिल. सकाळी वर्तमानपत्र उघडलंत की ‘सॅक्रामेंटो बी’ची बातमी समोर येते: विद्यापीठाने किमान १,७५,००० डॉलर सल्लागारांवर खर्च केले आहेत, इंटरनेटवर त्या फवाऱ्याचे उल्लेख मागे पडावेत आणि कुलगुरूंची प्रतिमा उजळावी म्हणून. एका कंत्राटात तर शोधयंत्रातून हे संदर्भ समूळ नाहीसे करण्याचीच भाषा होती. परिणाम उलटा झाला. विस्मरणात चाललेला तो नारिंगी फवारा पुन्हा पहिल्या पानावर आला. त्याच सुमारास खासगी कंपन्यांच्या संचालक मंडळांवरच्या त्यांच्या पदांवरूनही वादळ उठलं होतं आणि प्रशासनाच्या इमारतीत विद्यार्थी धरणं धरून बसले होते. विद्यापीठव्यवस्थेच्या अध्यक्ष जॅनेट नेपोलिटानो यांनी त्यांना रजेवर पाठवलं. चौकशीत घराणेशाहीसारखे काही गंभीर आरोप टिकले नाहीत, पण त्या सल्लागारांच्या कंत्राटांतल्या आपल्या सहभागाबद्दल त्या खरं बोलल्या नाहीत, असा ठपका राहिला. ऑगस्ट २०१६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

२०११ ची चूक अपुऱ्या बोलण्याची होती. २०१६ ची, बोललं गेलेलं पुसू पाहण्याची. दुसऱ्या चुकीला स्त्री-पुरुषाचा कोणताच खुलासा लागू होत नाही.

बनारस, सप्टेंबर २०१७

तुम्ही बनारस हिंदू विद्यापीठाच्या सिंहद्वारापाशी, लंका भागात आहात. एकवीस तारखेच्या संध्याकाळी वसतिगृहाकडे परतणाऱ्या एका विद्यार्थिनीचा आवारातच विनयभंग झाला. सुरक्षारक्षक जवळ असून धावले नाहीत, आणि उलट तिलाच, इतक्या उशिरा बाहेर कशाला होतीस, असं ऐकवलं गेलं, अशी तक्रार आहे. बावीसच्या सकाळपासून मुली फाटकावर बसल्या आहेत. त्यांना वाटेवर दिवे हवेत, कॅमेरे हवेत, जागे सुरक्षारक्षक हवेत. आणि आणखी एक मागणी आहे, जिला एक रुपयाही खर्च नाही: कुलगुरूंनी इथे यावं आणि सगळ्यांसमोर आमच्याशी बोलावं.

कुलगुरू पुरुष आहेत. ते फाटकावर येत नाहीत. आंदोलनात बाहेरची माणसं शिरली आहेत, असं प्रशासन सांगतं. हे वाक्य तुम्ही सहा वर्षांपूर्वी डेव्हिसच्या फोनवर ऐकलंय. तेवीसच्या रात्री लाठ्या चालतात, मुलींवरही. पुढच्या महिन्यात कुलगुरू रजेवर जातात. दरम्यान विद्यापीठाला पहिल्यांदाच महिला मुख्य प्रॉक्टर, म्हणजे आवारातल्या शिस्तीची प्रमुख, मिळते.

मिशेल रायन आणि ॲलेक्स हॅस्लम या संशोधकांनी २००५ मध्ये हेच दाखवून दिलं होतं: संस्था अडचणीत आली की बायकांना वर आणण्याकडे कल वाढतो, आणि पडायची शक्यता असलेली जागा त्यांच्या वाट्याला येते. बनारसमध्ये तुम्हाला ते आठवड्याभरात घडताना दिसलं. लाठ्या पुरुषाच्या कारकिर्दीत चालल्या, समजूत घालायचं काम बाईकडे आलं.

दिल्ली, डिसेंबर २०१९

शेवटचा मुक्काम, जामिया मिल्लिया इस्लामिया. नागरिकत्व कायद्याविरुद्ध आंदोलन सुरू आहे आणि पंधरा डिसेंबरच्या संध्याकाळी पोलीस आवारात आणि ग्रंथालयात शिरले आहेत. कुलगुरू नजमा अख्तर, या पदावरच्या पहिल्या महिला, लगेच व्हिडिओवरून बोलतात. पोलीस परवानगीशिवाय आत आले, माझ्या विद्यार्थ्यांशी असं वागणं चुकीचं आहे, ते एकटे नाहीत, मी त्यांच्यासोबत आहे. दुसऱ्या दिवशी पत्रकारांना सांगतात की मोडलेल्या वस्तू पुन्हा उभ्या करता येतील, मुलांनी जे सोसलं त्याची भरपाई नाही. या बोलण्यात कर्ता आहे, कर्म आहे, बाजू आहे. अथेन्सच्या कसोटीला हे उतरतं.

महिन्याभराने पुन्हा या. तेरा जानेवारीला विद्यार्थ्यांनी कुलगुरूंच्या कार्यालयाला घेराव घातलाय: पोलिसांवर गुन्हा नोंदवणार होतात, त्याचं काय झालं? अख्तर बाहेर येतात, पोलीस तक्रार नोंदवून घेत नाहीत, आपण न्यायालयात जाऊ, असं सांगतात. घोषणा थांबत नाहीत. उभ्या राहून ऐकून घेतात. स्पष्ट बोलण्याचा हाच धोका असतो. शब्द दिला की त्याचा हिशोब मागायला लोक येतात. पण ते येतात, कारण शब्द मिळाला होता. बनारसच्या मुलींना हिशोब मागायलाही समोर कुणी नव्हतं.

आता, इथे

तुम्ही परत आला आहात आणि बोलायची मुभाही परत मिळाली आहे. तुम्ही प्राचार्य असाल, विभागप्रमुख असाल, वसतिगृहाच्या रेक्टर असाल, विद्यार्थी परिषदेत असाल किंवा नुसते पालक असाल. एखाद्या दिवशी तुमच्याही आवारात मुलं बसतील आणि तुमच्या संस्थेतल्या कुणाला तरी फोन उचलावा लागेल.

त्या खुर्चीत बाई असेल तर तिच्या चेहऱ्यावरून, चालण्यावरून, अश्रूंवरून किंवा ते न आल्यावरून निवाडा करू नका. पुरुषाला जो प्रश्न विचाराल तोच तिला विचारा: आदेश काय दिला, कुणाला दिला, त्याला तो कळला का? आणि ती बाई आहे म्हणून या प्रश्नातून तिला सूटही देऊ नका. ‘मुलींच्या काळजीसाठी’ हे कारण कुणीही दिलं, तरी आधी त्या मुलींना विचारा, तुम्हाला कशाची भीती वाटते. बनारसमध्ये त्या स्वतःहून सांगत होत्या.

आणि खुर्चीत तुम्ही स्वतः असाल, तर पोलिसांना बोलवायच्या आधी आदेश कागदावर लिहा. काय करायचं, काय अजिबात करायचं नाही, काम थांबवायचा अधिकार कुणाचा, हे तिन्ही त्यात असू द्या. ज्याला तो आदेश पाळायचा आहे त्याच्याकडून वाचून घ्या. खाली तुमचं नाव लिहा, सही करा. लिहिताना हात अडखळला, तर पोलिसांना बोलावू नका, मुलांशी बोलायला स्वतः जा.